डेटा सेंटरमध्ये चालू लाईनवर काम करायचंय? मग आधी हे बघा

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आता एवढी डेटा सेंटर झालीयत की आयटीआय करून वायरमन झालेली पोरं थेट सर्व्हर हॉलमध्येच कामाला लागतायत, आणि आल्या आल्या त्यांना कुणीतरी सीनियर सांगतो की बाबा इथं काही बंद करता येत नाही, सगळं चालूवरच करायचं असतं. मलाही हेच सांगितलं होतं. 14 वर्षं यात घालवल्यावर सांगतो, खरंच बंद करता येत नाही असं फार थोडं असतं, बाकी ठिकाणी शटडाऊन मागायला कुणी तोंडच उघडत नाही, कारण कस्टमरला मेल टाकायचा, तारीख घ्यायची, रात्री 2 ची विंडो मिळणार, झोपमोड होणार, त्यापेक्षा हळूच कव्हर उघडून करून टाकू.

म्हणून पहिली स्टेप पान्हा-पक्कड काढायची नाहीच, पहिली स्टेप म्हणजे सिंगल लाईन डायग्रॅम (वीज कुठून कुठं जाते त्याचा नकाशा) उघडून बघायचं की ज्या पॅनेलला हात लावायचाय त्याला पर्याय काय आहे. टियर-3 म्हणून जे मिरवतात त्याचा अर्थच हा की कुठलाही एक भाग दुरुस्तीसाठी बाहेर काढला तरी हॉल चालू राहिला पाहिजे. रॅकला ए फीड आणि बी फीड असे दोन वेगळे मार्ग येतात, सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, एक गेला की दुसरा सगळा लोड घेतो. कस्टमर या दोन्ही मार्गांचे पैसे भरतो. मग ए बाजूच्या पीडीयूत (रॅकना वीज वाटणारं पॅनेल) ब्रेकर बदलायचा असेल तर ए बाजू बंद करा की, तेवढ्यासाठीच तर बी बाजू बांधलीय!

फक्त ए बंद करण्याआधी बी खरंच पेलणार का ते बघायला लागतं, आणि इथंच लोक फसतात. समजा दोन्हीकडे 32 अँपिअरचा ब्रेकर आहे, टाँग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजायचा चिमटा) लावला, ए वर 18 दिसतायत, बी वर 17 दिसतायत, दोन्ही बघून माणूस म्हणतो अर्धाच तर लोड आहे. पण ए बंद केला की बी वर 35 येणार, 32 च्या वर, आणि तोही कधी ट्रिप होईल सांगता येत नाही, झाला की रॅक गेला आणि तुमची नोकरी पण. हे फेजवाईज बघा, तिन्ही फेजची बेरीज करून भागू नका. मग रॅकभोवती टॉर्च घेऊन फिरा, कुठल्या सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर लाल किंवा पिवळा दिवा आहे का, कारण बी चा सप्लाय महिनाभर मेलेला असतो आणि कुणाला पत्ताच नसतो, ए बंद केल्यावर कळतं. एकच केबल असलेली जुनी उपकरणं, नेटवर्कवाल्यांचा एखादा बारका स्विच, कुणीतरी दोन्ही केबल एकाच पट्टीत खोचलेला सर्व्हर, हे सगळं हातानं केबल धरून शोधायचं. कंटाळवाणं काम आहे. दोन तास जातात. पण हे केलं की पुढचं काम मेलेल्या लाईनवर होतं.

आता उरतं ते खरं चालू काम. मीटरनं व्होल्टेज बघणं, थर्मल कॅमेरा लावणं, फॉल्ट शोधणं, बॅटरीचं काम (ती तर बंदच होत नाही), आणि क्वचित कधी बसबारवर (वीज वाहून नेणारी धातूची जाड पट्टी) टॅप-ऑफ बॉक्स (तिथून पुढं वीज काढायचा डबा) चढवणं. टॅप-ऑफ चालू बसबारवर चढवायला बसबार बनवणाऱ्या कंपनीची स्पष्ट परवानगी असेल तरच चढवायचा, तेही बॉक्समधला ब्रेकर ऑफ ठेवून आणि पुढं काही जोडलेलं नसताना. पीडीयूत नवीन एमसीबी घालणं, लग (केबलच्या टोकाचं धातूचं टोपण) टाईट करणं, केबल ओढून आणणं ही कामं या यादीत येत नाहीत, कुणी कितीही सांगू दे. आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांप्रमाणे चालू लाईनवर अधिकृत केलेल्या माणसानंच काम करायचं असतं, मदतनीस पण अधिकृतच लागतो. तेव्हा तोंडी "कर रे, मी आहे" याला काही किंमत नाही. परमिटवर सही घ्या, आणि परमिटमध्ये एक ओळ मुद्दाम लिहून मागा: हे बंद करून का करता येत नाही. ही ओळ लिहायची वेळ आली की निम्मी परमिटं तिथंच मागं घेतली जातात, मी स्वतः बघितलंय.

घरी लाईट गेली की आपण बिनधास्त होल्डर उघडतो, त्या सवयीचं इथं काही चालत नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी अख्ख्या मुंबईची लाईट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, पण डेटा सेंटरच्या हॉलमध्ये दिवा मिचकावला पण नाही, कारण बॅटरीनं लोड धरला आणि मागून डीजी (डिझेल जनरेटर) आला. एकाच लोडला वीज यायचे किती रस्ते आहेत मोजा: महावितरण किंवा टाटा-अदानीचं फीडर, डीजी, यूपीएसचा इन्व्हर्टर, त्याचा स्टॅटिक बायपास (यूपीएस बिघडला तर लोड आपोआप थेट लाईनवर टाकणारा मार्ग), बाहेरचा मेंटेनन्स बायपास, बॅटरी, आणि स्टॅटिक ट्रान्सफर स्विच (ए-बी बाजूंमध्ये लोड क्षणात बदलणारा) असेल तर पलीकडची बाजू. यूपीएसच्या डिस्प्लेवर ऑफ लिहून आलं तरी बायपासचा इनपुट वेगळ्या ब्रेकरवरून येत असतो आणि टर्मिनलवर 400 व्होल्ट ठणठणीत उभे असतात. इन्व्हर्टरच्या आत कपॅसिटर भरलेले असतात ते वेगळंच, पाटीवर जेवढी मिनिटं थांबा लिहिलंय (बहुतेक 5 किंवा जास्त) तेवढं थांबायचं आणि मग डीसी बसवर मीटर लावून बघायचं, घड्याळावर विश्वास ठेवून हात घालायचा नाही.

प्रत्येक रस्त्याच्या ब्रेकरला कुलूप. एसीबी (मोठा मेन ब्रेकर) असेल तर रॅक-आउट करून, म्हणजे बाहेर ओढून, कुलूप. काम करणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. चौघं काम करतायत आणि सुपरवायझरचं एकच कुलूप लटकतंय याला लोटो (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे कुलूप आणि टॅग) म्हणत नाहीत. नुसता टॅग लावून पण भागत नाही, टॅग वाचायला माणूस थांबायला लागतो.

मग वीज नाही हे सिद्ध करायचं. लोक इथं निऑन टेस्टर काढतात. तो शर्टाच्या खिशात शोभेला ठेवा, पुराव्याला नको, त्याचा करंट तुमच्याच अंगातून जातो आणि दिवा पेटला नाही तर वीज नाही का टेस्टर खराब हे कळत नाही. मीटर घ्या, तोही कॅट थ्री किंवा कॅट फोर (सर्ज किती सोसेल त्याची श्रेणी), 600 व्होल्ट किंवा वरचा, मीटरवर आणि प्रोबवर दोन्हीकडे लिहिलेलं असतं. रस्त्यावरचा 300 रुपयांचा पिवळा मीटर मेन पॅनेलवर लावायचा नाही, लाईनमध्ये सर्ज आला तर तो हातातच फुटतो. नॉब अँपिअरवर राहिलेला नाही ना, लाल वायर अँपिअरच्या भोकात नाही ना, हे आधी बघायचं. मग एका नक्की चालू असलेल्या ठिकाणी लावून मीटर दाखवतोय का बघा, मग आपल्या बंद केलेल्या पॉईंटवर मोजा, आणि मग परत त्या चालू ठिकाणी जाऊन मीटर अजून जिवंत आहे का बघा. शेवटची फेरी सगळे गाळतात. आणि मोजायचं म्हणजे आर-वाय या दोनच फेज बघून मान हलवायची नाही, तीन फेजच्या तीन जोड्या, तीन फेज ते न्यूट्रल, तीन फेज ते अर्थ, आणि न्यूट्रल ते अर्थ, एकूण 10 रीडिंग. हे मोजणं स्वतःच चालू काम आहे बरं का, कारण अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, म्हणून ग्लोव्हज घालूनच.

शॉकची भीती सगळ्यांना असते, आर्क फ्लॅशची (शॉर्ट होऊन हवेतच होणारा विजेचा स्फोट) कुणाला नसते कारण बघितलेला नसतो. हिशोब करून बघा. 2000 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, सेकंडरी 433 व्होल्ट, फुल लोडला साधारण 2,667 अँपिअर. इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) 6 टक्के धरला तर टर्मिनलवर शॉर्ट झाल्यावर 44 हजार अँपिअरच्या आसपास करंट वाहू शकतो. हे वाहणार तुमच्या तोंडासमोर, तांब्याची वाफ होते, कव्हर उडून येतं, आणि ब्रेकर ट्रिप व्हायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ हे चालू राहतं. म्हणून ब्रेकरचं सेटिंग महत्त्वाचं. सिलेक्टिव्हिटीसाठी (फॉल्टजवळचा खालचा ब्रेकर आधी पडावा म्हणून) वरच्या एसीबीला मुद्दाम 0.3-0.4 सेकंद उशीर दिलेला असतो, ऐकायला कमी वाटतो पण आर्कसमोर उभं राहायला फार आहे. नवीन एसीबीत मेंटेनन्स मोड असतो, काम चालू असेपर्यंत तो उशीर काढून टाकतो, असेल तर चालू करा आणि काम झालं की आठवणीनं परत पूर्वीसारखं करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी बारक्या फॉल्टला अख्खा हॉल जाईल. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेत आयोवातल्या कौन्सिल ब्लफ्सला गूगलच्या डेटा सेंटरजवळच्या सबस्टेशनमध्ये काम करताना आर्क फ्लॅश होऊन तीन इलेक्ट्रिशियन गंभीर भाजले होते, म्हणजे पैसा आणि ट्रेनिंग असलेल्या ठिकाणी पण होतं.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, साईट कुठली ते राहू द्या. डीबीचं (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) पुढचं कव्हर काढायचं होतं, आतलं फक्त थर्मल फोटो काढण्यासाठी. सहा स्क्रू. पाच काढले, सहावा ढिला केला, आणि कव्हर त्या एका स्क्रूवर फिरलं आणि खालचा कोपरा आत गेला. बसबारपासून एखादं बोट राहिलं असेल. मी ते डाव्या हातानं धरलं नाही, धरायला वेळच नव्हता, शेजारच्या केबलच्या झुबक्याला अडकलं म्हणून थांबलं. आम्ही "फक्त फोटो काढायचाय" म्हणून ग्लोव्हज पण घातले नव्हते. तेव्हापासून कव्हर काढणं हे सगळ्यात धोक्याचं काम धरतो मी, आतलं काम नंतर. दोन माणसं लागतात, एक कव्हर दोन्ही हातांनी बाहेरच्या बाजूला दाबून धरणार, दुसरा खालचे स्क्रू आधी आणि वरचे शेवटी काढणार. वॉशर पडला तर कुठं पडेल ते आधी बघायचं, वरून खाली इन्सुलेटिंग ब्लँकेट टाकता येतं का ते बघायचं. सगळ्यात बेस्ट म्हणजे पॅनेल ऑर्डर करतानाच थर्मल कॅमेऱ्याची खिडकी मागून घ्यायची, कव्हर काढायचं कामच संपलं.

कपड्यांचं. कंपनीचा लोगो असलेला चकचकीत टी-शर्ट असतो ना, तो पॉलिस्टर असतो, आर्कमध्ये वितळून कातडीला चिकटतो. आतून सुती बनियन, वरून आर्क-रेटेड सूट. सूटवर कॅलरी प्रति चौरस सेंटीमीटर असा आकडा असतो. उघड्या कातडीवर 1.2 कॅलरी पडली की फोड येण्याएवढं भाजतं. पॅनेलवर आर्क फ्लॅशचं लेबल असेल तर त्यावरच्या आकड्यापेक्षा सूटचा आकडा जास्त पाहिजे, 8 चा सूट घालून 20 च्या पॅनेलसमोर उभं राहू नका, आणि लेबलवर 40 च्या वर आकडा असेल तर सूट शोधत बसू नका, ते पॅनेल बंदच करा. लेबलच नसेल तर स्टडी (आर्कचा हिशोब) झालेली नाही, मग चालू काम नाही म्हणून सांगा. रबरी ग्लोव्हज क्लास 0 चे, 1000 व्होल्ट एसीपर्यंत, त्यावर चामड्याचे. रोज घालायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत आणून हवा कोंडायची, फुगा कानाजवळ धरायचा, सुई एवढं भोक असलं तरी सुस्कारा ऐकू येतो. सहा महिन्यांनी लॅब टेस्ट, तारीख ग्लोव्हवर असते. पायाखाली आयएस 15652 ची मॅट, ती पण पॅनेलसमोर, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली नाही. घड्याळ, अंगठी, हातातलं कडं, गळ्यातली चेन काढून लॉकरमध्ये. आणि ते आयकार्डचं लॅनयार्ड! वाकलात की ते आधी पॅनेलमध्ये जातं, क्लिपसकट. शिडी अॅल्युमिनियमची नको, फायबरची.

आता एक गोष्ट जी मला कुणी शिकवली नाही, रंगांची. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल. बाहेरून आलेली रॅक पीडीयू किंवा यूपीएस उघडलं की आत तपकिरी-काळा-करडा फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे आपला काळा न्यूट्रल तिकडं फेज आहे, आपला निळा फेज तिकडं न्यूट्रल. एकाच जंक्शन बॉक्समध्ये अर्धी वायर इकडची आणि अर्धी तिकडची असते, आणि रात्री 3 ला डोळे चुरचुरत असताना माणूस रंगावर जातो. रंग बघून ठरवायचं नाही, मीटर लावून ठरवायचं, मग स्लीव्ह घालून नाव लिहायचं.

न्यूट्रल चालू लोडवर कधीच उघडायचा नाही. थ्री फेजवर तीन वेगवेगळे लोड बसलेले असतात, न्यूट्रल सुटला की ते आपापसात व्होल्टेज वाटून घेतात, ज्या फेजवर लोड कमी त्याच्यावर 230 च्या जागी 300-350 येऊ शकतात आणि पॉवर सप्लाय फटाफट उडतात. शिवाय सुटलेला न्यूट्रल हातात धरणाऱ्याला तो काळा दिसतो पण फेजएवढाच चावतो. अर्थचं पण तसंच, सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टर असतात, प्रत्येकातून थोडा थोडा करंट अर्थमध्ये जात असतो, एकेकातून मिलीअँपिअरभर धरला तरी भरलेल्या रॅकमध्ये 40 सप्लाय म्हणजे 40 मिलीअँपिअर. माणसाला वाचवणारा आरसीसीबी 30 वर ट्रिप होतो, यावरून अंदाज घ्या. रॅकची अर्थ वायर "दोन मिनिटं" काढली तर तो करंट तुमच्या हातातून जमिनीत जायला बघतो. अर्थ जोडताना सगळ्यात आधी, काढताना सगळ्यात शेवटी.

बॅटरी रूमबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथं लोक चप्पल घालून जातात. 12 व्होल्टचे 40 ब्लॉक सिरीजमध्ये म्हणजे कागदावर 480, पण फ्लोटवर (भरलेली बॅटरी चार्जरला जोडलेली असताना) मोजाल तर 545 च्या आसपास डीसी. ब्रेकर पाडला तरी स्ट्रिंगच्या दोन टोकांमध्ये ते तसेच राहतात. एसीचा आर्क सेकंदाला 100 वेळा शून्यातून जातो त्यामुळे विझायची संधी तरी असते, डीसीला शून्यच येत नाही, पेटला की पेटला. म्हणून चार्जर बंद, बॅटरी ब्रेकर बंद आणि कुलूप, मग पहिल्यांदा रांगांमधल्या लिंक काढून स्ट्रिंगचे तुकडे पाडायचे, जेणेकरून कुठंही हात लावला तरी 120 च्या वर व्होल्टेज मिळणार नाही. ती पहिली लिंक काढताना मात्र पूर्ण व्होल्टेज आहे असं धरून ग्लोव्हज, फेस शील्ड सगळं. पान्हा 1000 व्होल्टचा शिक्का असलेला इन्सुलेटेड, टेप गुंडाळलेला साधा पान्हा चालणार नाही, हा जुगाड मी दर साईटला बघतो. टर्मिनल झाकायची प्लॅस्टिकची कव्हरं जिथं काम चालूय तेवढीच काढा. लिथियम असेल तर तिथं आपण हातच लावायचा नाही, बॅटरी कंपनीचा माणूस येऊ दे. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवायचं काम चालू असतानाच आग लागली आणि 709 सरकारी सिस्टिम बंद झाल्या.

सोबत दुसरा माणूस पाहिजेच, आणि तो मोबाईल बघत उभा राहणारा नको. त्याला तीन गोष्टी माहीत पाहिजेत: कुठला ब्रेकर पाडायचा, इमर्जन्सी पॉवर ऑफचं बटण कुठं आहे (आणि ते दाबलं तर काय काय जाणार), आणि सीपीआर. शॉक लागून चिकटलेल्या माणसाला हातानं ओढायचं नाही, आधी पाडा, जमत नसेल तर इन्सुलेटेड हुकनं ओढा. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरू करा, एईडी (हृदयाला झटका देणारं यंत्र) मागवा, 108 ला फोन तिसऱ्यानं करायचा. भाजलं असेल तर 20 मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. आणि शॉक लागून माणूस "काही नाही झालं, चहा घेतो" म्हणाला तरी त्याला ईसीजीला न्या, हृदयाचा ठोका नंतर पण बिघडू शकतो.

काम झालं की आणलेली हत्यारं आणि काढलेले स्क्रू मोजून घ्या, सहा काढले तर सहा परत लागले पाहिजेत, सातवा आत सापडला तर तो पण कुणाचा ते शोधा. लग टॉर्क रेंचनं आवळून मार्करनं खूण करा. कव्हर लावून मगच कुलूप काढा, ज्याचं त्यानं. ब्रेकर चढवताना पॅनेलसमोर छाती पुढं करून उभं राहायचं नाही, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, तोंड वळवून, एका हातानं. लोड येऊन तासभर झाला की थर्मल कॅमेऱ्यानं परत एकदा बघा, नवीन जोड गरम दिसत असेल तर परत शटडाऊन मागा, लाजू नका. आणि घरी जायच्या आधी रजिस्टरमध्ये लिहा की ए बाजू किती वाजता परत चढवली, कुठल्या रॅकचा पॉवर सप्लाय चढवल्यावर उठलाच नाही, कारण सकाळच्या शिफ्टवाला बी बाजू काढायला येणार असतो आणि त्याला हे तुमच्याशिवाय कुणी सांगणार नसतं.